डॉक्युमेंटेशन साइट अनेक भाषांत न्यायची असेल तर आधी काय ठरवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका मुक्त-स्रोत टूलचं डॉक्युमेंटेशन इंग्रजीत आहे, मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी दाखवणाऱ्या मजकुराच्या फाइलींत, लिहिलेली दीडशेच्या आसपास पानं आहेत, आणि आता त्याच साइटवर मराठी, हिंदी आणि जपानी आणायची आहे. काही स्वयंसेवक मदतीला तयार आहेत. कोणतं प्लगिन घ्यावं, प्रत्येक भाषेला सबडोमेन द्यावं की फोल्डर, आणि अनुवाद होईपर्यंत यांत्रिक भाषांतराचं बटण लावून भागेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

या सगळ्याला उत्तरं आहेत आणि ती पुढे देतेच. पण अशा साइट उभारणं आणि त्याहून जास्त त्या चालू ठेवणं हे माझं बरीच वर्षं काम आहे, त्यामुळे आधी वेगळीच गोष्ट पुढे ठेवते. प्लगिन निवडणं हा यातला सगळ्यात सोपा निर्णय आहे. डॉक्युसॉरस, ह्यूगो, स्टारलाइट, स्फिंक्स, एमकेडॉक्स, व्हिटप्रेस या साइट बांधणाऱ्या टूल्सपैकी काहीही वापरत असलात तरी बहुभाषिकतेची सोय आहे, आणि दुसरी भाषा मेनूत दिसायला फार वेळ लागत नाही. अडचण काही महिन्यांनी सुरू होते. टूलची नवी आवृत्ती येते, कमांडचा एक पर्याय बदलतो, इंग्रजी पान त्याच दिवशी दुरुस्त होतं. मराठी पान मात्र जुनाच पर्याय सांगत राहतं. वाचक तो चालवतो, त्याला चूक येते, आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. अनुवादच नसेल तर वाचक निदान इंग्रजी पानाकडे वळतो. जुना पडलेला अनुवाद त्याला खात्रीने चुकीचं सांगतो.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न असा: मूळ पान बदललं की अनुवाद जुना झाला हे तुम्हाला कळणार कसं, आणि तो दुरुस्त होईपर्यंत वाचकाला काय दिसणार? हे ठरलं की टूलची निवड बरीचशी आपोआप होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मूळ मजकूर किती वेळा बदलतो? अनुवादक गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरणारे प्रोग्रॅमर आहेत की भाषेवर प्रभुत्व असलेले पण पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल तपासून घ्यायची विनंती, कधी न उघडलेले लोक? टूलच्या किती आवृत्त्यांचं डॉक्युमेंटेशन एकाच वेळी जिवंत ठेवता? आणि प्रत्येक भाषेसाठी किमान दोन माणसं आहेत का? एकच माणूस असेल तर त्याचा अनुवाद तपासणार कोण, आणि तो थांबला की पुढे काय, हे दोन्ही प्रश्न उघडेच राहतात. कुबरनेटीस या मोठ्या मुक्त-स्रोत प्रकल्पात नवी भाषा सुरू करायला किमान दोन माणसं लागतात, कारण तिथे स्वतःची पुल रिक्वेस्ट स्वतःच मंजूर करता येत नाही. हा नियम मी लहान प्रकल्पांनाही सुचवते.

आता पहिला मोठा निर्णय: अनुवादाचं एकक काय धरायचं, अख्खं पान की परिच्छेद?

पानाची पद्धत डोळ्यांना साधी दिसते. इंग्रजी फाइलची प्रत काढायची, भाषेच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिच्यात अनुवाद लिहायचा. डॉक्युसॉरस, ह्यूगो, स्टारलाइट, व्हिटप्रेस याच वाटेने जातात. अनुवादकाला मोकळीक मिळते. दोन वाक्यं जोडता येतात, उदाहरण बदलता येतं, मराठीला नैसर्गिक वाटेल असा क्रम लावता येतो. तोटा असा की प्रत निघाली त्या क्षणापासून दोन फाइलींचा एकमेकींशी संबंध तुटतो. मूळ पानातली चौदावी ओळ बदलली हे दुसऱ्या फाइलीला कळायला काहीच मार्ग नसतो.

परिच्छेदाची पद्धत म्हणजे गेटटेक्स्ट या अनुवाद-प्रणालीची पद्धत. मूळ मजकुरातला प्रत्येक परिच्छेद, मथळा आणि यादीतली प्रत्येक ओळ वेगळी काढून पीओ फाइलमध्ये ठेवली जाते, आणि प्रत्येकीखाली तिचा अनुवाद. स्फिंक्समध्ये हे मुळातच आहे. स्फिंक्स-इंटल नावाचं छोटं टूल मूळ मजकूर बदलला की पीओ फाइली अद्ययावत करतं. बदललेल्या परिच्छेदावर 'फझी' (म्हणजे पुन्हा तपासायचा) अशी खूण पडते आणि स्फिंक्स डिफॉल्टने असा परिच्छेद अनुवादित न दाखवता मूळ भाषेतच दाखवतं. म्हणजे पान अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी दिसेल, पण कालबाह्य सूचना दिसणार नाही. तांत्रिक संदर्भासाठी हा व्यवहार मला पटतो. शिवाय वेबलेट, क्राउडिन, ट्रान्सिफेक्स यांसारख्या अनुवादाच्या मंचांना पीओ फाइली थेट वाचता येतात, त्यामुळे गिट न येणारा अनुवादकही ब्राउझरमध्ये बसून काम करू शकतो. मार्कडाउनलाही ही पद्धत लावता येते. पीओफोरए हे टूल तेच करतं, आणि एमडीबुक या मार्कडाउनवरून पुस्तक बांधणाऱ्या टूलसाठीही तशी वेगळी टूल्स आहेत.

परिच्छेद पद्धतीचा तोटा अनुवादाच्या गुणवत्तेत दिसतो. अनुवादकासमोर सुटे तुकडे येतात आणि त्यांच्या मागेपुढे काय आहे हे नजरेआड होतं. सलग वाचलं तर प्रत्येक परिच्छेद बरोबर, पण पान तुटक. त्यामुळे माझा साधारण कल असा: शिकवण्याची पानं, म्हणजे ओळख, पहिली पायरी, संकल्पना, ही पानाच्या पद्धतीने, आणि सतत बदलणारा संदर्भ, म्हणजे कमांड, सेटिंग, एपीआय, हा परिच्छेदाच्या पद्धतीने, किंवा अनुवाद न करताच. दोन्ही पद्धती एका साइटवर चालवणं कष्टाचं असतं. तुमच्याकडे दीडशे पानं आणि मोजके स्वयंसेवक आहेत, त्यामुळे तुम्ही एकच निवडा. अनुवादक प्रोग्रॅमर असतील तर पानाची पद्धत घ्या, नसतील तर पीओ आणि वेबलेट.

पानाची पद्धत घेतलीत तर तुटलेला संबंध स्वतः जोडावा लागेल. ते अवघड नाही, फक्त पहिल्या दिवसापासून करायला हवं. अनुवादित फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत, जिथे शीर्षक वगैरे असतं, तिथे मूळ फाइलीच्या ज्या कमिटवरून (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावरून) अनुवाद केला त्याचा क्रमांक लिहून ठेवायचा. एमडीएन वेब डॉक्स या वेब-तंत्रज्ञानाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हीच पद्धत आहे. मग एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक अनुवादित पानासाठी गिटला विचारते: या कमिटनंतर मूळ फाइलीत बदल झाला का? झाला असेल तर पान 'जुनं' ठरतं, आणि त्या दोन कमिटमधला फरक हाच अनुवादकाला दिलेला नेमका गृहपाठ होतो. त्याला अख्खं पान पुन्हा वाचावं लागत नाही.

या स्क्रिप्टमध्ये तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे साइट आपोआप बांधणाऱ्या संगणकावर, गिटचा पूर्ण इतिहास नसतो. गिटहब ॲक्शन्स या स्वयंचलित सेवेची नेहमीची चेकआउट (फाइली आणण्याची) पायरी फक्त शेवटचं कमिट आणते, त्यामुळे तुलना करायला जुनं काही सापडतच नाही आणि स्क्रिप्ट अडखळते किंवा, त्याहून वाईट, सगळं ताजं आहे असं सांगते. पूर्ण इतिहास आणायची सेटिंग लावा. दुसरं, मूळ फाइलीचं नाव किंवा जागा बदलली तर गिटचा साधा लॉग त्या मार्गापाशीच थांबतो. म्हणून मूळ फाइल हलवताना सगळ्या भाषांतल्या फाइली त्याच कमिटमध्ये हलवायच्या. तिसरं आणि सगळ्यात त्रासाचं: इंग्रजीतला एक स्वल्पविराम दुरुस्त केला तरी तिन्ही भाषांतली पानं जुनी ठरतात. असं आठवडाभर चाललं की अनुवादक त्या यादीकडे बघणंच सोडतात. यावर उपाय म्हणजे अर्थ न बदलणाऱ्या दुरुस्तीच्या कमिट संदेशात एक ठरलेली खूण घालायची आणि स्क्रिप्टने असे कमिट वगळायचे. ही खूण घालायची जबाबदारी मूळ लेखकाची. अनुवादाचं काम फक्त अनुवादकांचं असतं हा समज इथेच मोडावा लागतो.

रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनने २०१९ मध्ये वेगळा मार्ग घेतला. प्रत्येक भाषेचा स्वतंत्र रेपो (गिटमधला फाइलींचा साठा), आणि एक बॉट जो मूळ रेपोतले बदल ठरावीक काळाने प्रत्येक भाषेकडे पुल रिक्वेस्ट म्हणून पाठवतो. जिथे मूळ ओळ बदललेली असते तिथे मर्जचा संघर्ष येतो, म्हणजे दोन बदल आपोआप जुळत नाहीत, आणि तोच अनुवादकाला कामाची जागा दाखवतो. प्रत्येक भाषेच्या गटाला स्वायत्तता मिळते, हा याचा मोठा गुण. पण तितक्या रेपोंना देखरेखीची माणसंही लागतात. तीन भाषांसाठी मी एकाच रेपोत राहीन.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: तोवर वाचकाला काय दिसणार?

अनुवाद नसलेल्या पानाबाबत टूल्सचं वागणं वेगवेगळं आहे आणि ते आधी करून पाहायला हवं. डॉक्युसॉरस त्या जागी मूळ भाषेतलं पान दाखवतं. स्टारलाइटही मूळ पान दाखवतं आणि वर 'हे पान अजून अनुवादित नाही' अशी पट्टी लावतं. ह्यूगोमध्ये काही वेगळं सांगितलं नाही तर ते पान त्या भाषेत तयारच होत नाही, म्हणजे दुव्यावर गेलेल्या वाचकाला ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. मला मधला मार्ग हवा असतो: मूळ पान दाखवा, वर स्पष्ट पट्टी लावा, आणि पट्टीतच मदतीसाठी दुवा द्या. बरेच नवे अनुवादक त्या दुव्यावरूनच मिळतात.

जुन्या पडलेल्या पानासाठी पट्टी वेगळी हवी. 'या पानाचा मूळ मजकूर नंतर बदलला आहे, ताजी माहिती इथे पाहा' असं लिहून मूळ पानाचा दुवा. वर सांगितलेली स्क्रिप्ट बिल्डच्या वेळी चालवली तर ही पट्टी आपोआप लागते. आणि सुरक्षेशी किंवा माहिती पुसली जाण्याशी संबंधित पान असेल तर पट्टीवर थांबू नका. मूळ बदलताच अनुवाद मागे घ्या आणि मूळ पान दाखवा. इथे मी तडजोड करत नाही.

काय अनुवादित करायचं हे ठरवताना सगळी दीडशे पानं डोळ्यांपुढे आणू नका. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनचा नियम चांगला आहे. २०१७ च्या पेप ५४५ या प्रस्तावाने तिथे अनुवादांची चौकट घालून दिली, आणि एखादी भाषा मेनूत दिसण्याआधी चुका कळवण्याचं पान, संपूर्ण ट्यूटोरियल आणि अंगभूत फंक्शन्सचं पान पूर्ण अनुवादित असावं अशी अट आहे. चुका कळवण्याचं पान यादीत आहे हे मला विशेष आवडतं; ज्याला अनुवादात चूक दिसली त्याला ती त्याच भाषेत कुठे सांगायची हे कळतं. तुम्हीही अशी दहा-पंधरा पानांची यादी करा: मुखपृष्ठ, इन्स्टॉलेशन, पहिली पायरी, नेहमी येणाऱ्या अडचणी, चुका कळवण्याचं पान. ती पूर्ण झाल्याशिवाय भाषा मेनूत आणू नका. पुढचा क्रम भेटींच्या आकडेवारीवरून ठरवा.

आवृत्त्यांचंही इथेच ठरवून टाका. चार आवृत्त्या आणि चार भाषा म्हणजे सोळा साइट. अनुवाद फक्त चालू आवृत्तीचा ठेवा. जुन्या आवृत्त्या मूळ भाषेत राहू द्या.

आता पत्त्यांकडे येते. सबडोमेन की फोल्डर, या प्रश्नावर लोक गरजेपेक्षा जास्त वाद घालतात. फोल्डर घ्या: साइटच्या नावानंतर भाषेचा कोड, मग पानाचा मार्ग. एकच सर्टिफिकेट, एकच होस्टिंग, एकच आकडेवारी. सबडोमेनचा उपयोग भाषांचे गट पूर्णपणे वेगळे असतील आणि आपापल्या वेळेला साइट प्रकाशित करणार असतील तेव्हाच. मूळ भाषेला कोड द्यायचा का? रीड द डॉक्स ही डॉक्युमेंटेशन ठेवणारी सेवा इंग्रजीलाही कोड देते, पायथॉन देत नाही. तुमची साइट आधीच चालू आहे आणि जगभर तिचे दुवे पसरले आहेत, त्यामुळे इंग्रजी आहे तिथेच राहू द्या.

कोड बीसीपी ४७ या मानकाप्रमाणे ठेवा आणि गरज नसताना देश जोडू नका. जपानीसाठी नुसता 'जेए', मराठीसाठी 'एमआर' पुरतो. चिनी किंवा पोर्तुगीज पुढे आली तर लिपीचा किंवा प्रदेशाचा भाग लागेल.

पत्त्यातली पानांची नावं अनुवादित करू नका. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्ता कॉपी केला की बहुतेक वेळा एकेका चिन्हाची नऊ-नऊ रोमन चिन्हं होतात. तो पत्ता कुणाला पाठवण्यासारखा उरत नाही. त्याहून मोठं कारण असं की सगळ्या भाषांत मार्ग एकच असला तर भाषा बदलणारं बटण, रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे वळवणं), आकडेवारी, सगळं सोपं राहतं.

मथळ्यांच्या अँकरबद्दल, म्हणजे पानातल्या नेमक्या विभागाकडे नेणाऱ्या खुणेबद्दल, मात्र थांबून सांगते, कारण हे नंतर दुरुस्त करणं फार किचकट आहे. बहुतेक टूल्स मथळ्याच्या शब्दांवरून त्याचा आयडी बनवतात. मथळा मराठीत आला की आयडीही बदलतो, आणि दुसऱ्या पानावरून त्या विभागाकडे जाणारा दुवा वाचकाला पानाच्या वरच सोडून देतो. चूक दिसत नाही, बिल्डही अनेकदा मुकाट पार पडतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या अनुवादाच्या आधी मूळ फाइलींतल्या प्रत्येक मथळ्याला ठरावीक आयडी लिहून टाकणं. डॉक्युसॉरसमध्ये त्यासाठी तयार कमांड आहे, एका फटक्यात सगळ्या फाइलींत आयडी लिहिले जातात. स्फिंक्समध्ये स्पष्ट लेबलं वापरा. तसंच पानांमधले दुवे पूर्ण पत्त्याने न देता फाइलीच्या मार्गाने द्या, म्हणजे टूल त्या-त्या भाषेतला दुवा स्वतः बनवतं.

सर्च इंजिनांसाठी प्रत्येक पानावर एचरेफलँगचे टॅग हवेत, म्हणजे हेच पान इतर भाषांत कुठे आहे ते सांगणाऱ्या खुणा. प्रत्येक भाषेतल्या पानाने स्वतःसकट सगळ्या भाषांतल्या पानांची नोंद द्यायची. मराठी पान जपानीकडे बोट दाखवतं आणि जपानी परत मराठीकडे दाखवत नाही, तर गूगल ती जोडी धरत नाही. हे टॅग टूल आपोआप बनवत असेल तर अनुवाद नसलेल्या पानांचं काय होतं ते स्वतः उघडून पाहा. मराठी फोल्डरमध्ये बसलेलं इंग्रजी पान 'मराठी आवृत्ती' म्हणून जाहीर होता कामा नये. अशा पानाचा कॅनॉनिकल दुवा ('मुख्य पान हे' असं सर्च इंजिनला सांगणारा) मूळ इंग्रजी पानाकडे ठेवा.

ब्राउझरची भाषा किंवा आयपी पाहून वाचकाला जबरदस्तीने दुसऱ्या भाषेत पाठवू नका. गूगलचा क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) विनंतीत भाषा सांगत नाही, त्यामुळे अशा रीडायरेक्टमुळे तुमच्या इतर भाषा त्याला दिसेनाशा होऊ शकतात. वाचकालाही त्रास होतो: सहकाऱ्याने इंग्रजी पानाचा दुवा पाठवलेला असतो आणि उघडतं भलतंच. 'हे पान मराठीतही आहे' अशी एक ओळ वर दाखवा आणि निवड त्याच्यावर सोडा. भाषेच्या मेनूत नावं त्या-त्या भाषेत आणि लिपीत लिहा. झेंडे लावू नका. झेंडा देशाचा असतो, भाषेचा नाही. आणि भाषा बदलल्यावर वाचक त्याच पानावर राहिला पाहिजे, मुखपृष्ठावर फेकला जाता कामा नये.

यानंतरचा भाग दिसायला किरकोळ आहे पण त्यावर बरंच काही उभं आहे: पानाच्या एचटीएमएलमधला लँग हा गुणधर्म. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मानकात पानाची भाषा जाहीर करणं ही सगळ्यात खालच्या, म्हणजे ए पातळीची अट आहे. पानाच्या आतल्या परभाषेतल्या भागांची भाषा सांगणं डबल ए पातळीवर येतं. स्क्रीन रीडर याच गुणधर्मावरून आवाज निवडतो. मराठी चौकटीत इंग्रजी पान दाखवत असाल तर मजकुराच्या भागाला इंग्रजीचा लँग द्या, नाहीतर मराठी उच्चारयंत्र इंग्रजी वाचत बसेल.

शोधही यावर अवलंबून आहे. पेजफाइंड हे साइटवरच्या शोधाचं टूल प्रत्येक भाषेचा वेगळा इंडेक्स (शोधसूची) बनवतं आणि भाषा ओळखतं ती याच गुणधर्मावरून. लँग चुकला तर मराठी पानं इंग्रजीच्या इंडेक्समध्ये जातात. अल्गोलियाच्या डॉकसर्च या शोधसेवेत निकाल भाषेप्रमाणे गाळता येतात, तेही करून घ्या. मराठीत आणखी एक गुंता आहे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: एक खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराचे वेगवेगळे लेखनप्रकार एक करण्याच्या रीतीनेही) हे दोन एक होत नाहीत. त्यामुळे अनुवाद दाखल होताना तपासणीतच एक प्रकार सक्तीचा करा, आणि शोधपेटीत टंकलेला शब्दही त्याच प्रकारात बदलून घ्या. जपानीत शब्दांमध्ये जागाच नसते, म्हणून शब्द तोडणारं टूल लागतं. पेजफाइंडच्या विस्तारित आवृत्तीत ती सोय आहे.

देवनागरीसाठी स्टाइलशीटमध्ये हात घालावा लागेल. इंग्रजीसाठी निवडलेल्या फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसते, मग प्रत्येक उपकरणावर वेगळंच काही दिसतं. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट नेमून द्या. मात्रा आणि उकार वर-खाली जागा घेतात, म्हणून ओळींमधलं अंतर वाढवा, इंग्रजीला १.५ असेल तर मी देवनागरीला १.७ च्या आसपास ठेवते. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असेल तर देवनागरीपुरतं शून्य करा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. उद्या अरबी किंवा उर्दू येण्याची शक्यता असेल तर आत्ताच डावी-उजवी अंतरं 'सुरुवात' आणि 'शेवट' या तार्किक गुणधर्मांनी लिहा, आणि कोडचे चौकोन नेहमी डावीकडून उजवीकडे राहतील असं बांधून ठेवा.

मेनू, बटणं, पट्ट्या यांचे शब्द पानांपासून वेगळ्या फाइलीत असतात. इथे वाक्यं तुकड्यांनी जोडू नका. 'शेवटचा बदल' अधिक तारीख अधिक नाव ही साखळी दुसऱ्या भाषेत कोलमडते. अख्खं वाक्य एक एकक ठेवा आणि बदलत्या जागा नावाने दाखवा. अनेकवचनाचे नियम सीएलडीआर या भाषांच्या नियमांच्या सामायिक संग्रहावर सोडा: जपानीत एकच रूप पुरतं, अरबीला सहा लागतात. बटणांना ठरावीक रुंदी देऊ नका. आयबीएमच्या जुन्या मार्गदर्शनानुसार दहा अक्षरांपर्यंतचा इंग्रजी शब्द अनुवादात दोन ते तीनपट जागा घेऊ शकतो. तारखा आणि आकडे जावास्क्रिप्टच्या इंटल सोयीने छापा, पण एक लक्षात ठेवा: मराठीसाठी ती डिफॉल्टने देवनागरी अंक देते, हिंदीसाठी देत नाही. तारखेला ते छान दिसतं. आवृत्तीचा क्रमांक किंवा पोर्टचा आकडा मात्र त्या वाटेने जाऊ देऊ नका. वाचक तो कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकणार आहे.

यांत्रिक भाषांतराच्या बटणाबद्दल. ते लावू नका. बहुतेक ब्राउझर ही सोय आजच देतात आणि वाचकाला तिथे निदान माहीत असतं की हे यंत्राने केलेलं आहे. तुमच्या साइटवर आलेल्या मजकुराची जबाबदारी तुमची असते. तुम्ही एवढंच करा की कोडच्या चौकोनांना आणि कमांडच्या नावांना 'अनुवाद करू नये' हा एचटीएमएलचा गुणधर्म लावा, म्हणजे ब्राउझर त्यांना हात लावणार नाही. कच्चा खर्डा म्हणून यंत्राचा अनुवाद घ्यायला माझी हरकत नाही. पण तपासणाऱ्याने तो नुसता वाचायचा नाही, पानावरच्या पायऱ्या अनुवादावरून प्रत्यक्ष करून बघायच्या. यंत्राचं वाक्य आता इतकं सफाईदार असतं की सुटलेला नकार किंवा सक्तीची झालेली सूचना नुसत्या वाचनात डोळ्यांना टोचत नाही. त्यासाठी पहिल्या अनुवादाआधी एक शब्दसूची बनवा: कोणत्या संज्ञा तशाच ठेवायच्या, कोणत्या अनुवादित करायच्या, आणि सक्ती, शिफारस व परवानगी या तीन छटा कशा लिहायच्या. ती रेपोतच ठेवा आणि तिच्यातला बदलही पुल रिक्वेस्टनेच होऊ द्या.

चित्रांबद्दल एवढंच: स्क्रीनशॉटवर शब्द लिहू नका. आकडे घाला आणि खाली मजकुरात त्यांचा अर्थ द्या.

इथपर्यंतचं तुमच्यापुरतं क्रमाने मांडते. आधी मूळ मथळ्यांना आयडी आणि दुव्यांची सफाई. मग शब्दसूची आणि दहा-पंधरा पानांची यादी. मग जुनेपणा तपासणारी स्क्रिप्ट आणि दोन्ही पट्ट्या. त्यानंतर एकच भाषा, ज्यात तुमची माणसं सगळ्यात भरवशाची आहेत ती. एखादी मोठी आवृत्ती त्या भाषेसकट पार पडू द्या आणि मगच दुसरी भाषा उघडा. डॉक्युसॉरससारखी टूल्स प्रत्येक भाषेची स्वतंत्र साइट बांधतात, त्यामुळे बिल्डचा वेळ भाषांच्या पटीत वाढतो. पुल रिक्वेस्टच्या तपासणीत फक्त ज्या भाषेत बदल झाला ती बांधा.

आणि भाषा बंद करायचा नियमही सुरुवातीलाच लिहून ठेवा. एमडीएनने डिसेंबर २०२० मध्ये मजकूर गिटवर हलवला तेव्हा इंग्रजी सोडून बाकी भाषांचा मजकूर गोठवला, आणि नंतर ज्या भाषांना सांभाळणारे गट मिळाले त्याच पुन्हा खुल्या केल्या. इतक्या मोठ्या प्रकल्पावर ही वेळ येते तर तुमच्यावरही येऊ शकते. नियम साधा असू द्या: ठरलेल्या यादीतली निम्मी पानं सलग दोन आवृत्त्या जुनी राहिली आणि विचारूनही कुणी पुढे आलं नाही, तर ती भाषा मेनूतून काढायची, तिचे पत्ते त्याच मार्गाच्या इंग्रजी पानांकडे तात्पुरत्या रीडायरेक्टने वळवायचे, आणि फाइली रेपोत जशाच्या तशा ठेवायच्या. कायमचा रीडायरेक्ट नको, कारण उद्या दोन नवी माणसं आली तर त्याच पत्त्यांवर ती भाषा परत उभी करता येते, आणि कोणत्या कमिटपासून काम उचलायचं हे प्रत्येक फाइलीत लिहिलेलं असतंच.